व्हॉल्व्हला दोष देण्याआधी तेल पाहा
ट्रॉली, तोडणी यंत्र आणि हायड्राच्या हायड्रॉलिकबद्दल सभासदांसाठी माहिती



गाळप हंगाम ऐन भरात आला की गट ऑफिसात एक निरोप ठरलेला असतो. "साहेब, मशीन फडातच उभं हाय. व्हॉल्व्ह गेला म्हणत्यात." मशीन म्हणजे कधी ऊसतोडणी यंत्र, कधी त्याच्याबरोबर फिरणारा इनफिल्डर, कधी शेणखत-प्रेसमड वाहणारी टिपिंग ट्रॉली, तर कधी वाटेत उलटलेली उसाची ट्रॉली उचलायला बोलावलेला हायड्रा. यंत्र कोणतेही असो, निदान एकच. व्हॉल्व्ह गेला!

आमचे शिक्षण शेतीचे. बेणे, खत, पाणी, हुमणी हा आमचा नेहमीचा विषय. परंतु ऊस वाढवून भागत नाही; तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडला पाहिजे. म्हणून वर्कशॉपमधील जाणकार मंडळींबरोबर बसून हायड्रॉलिकचा हा विषय आम्ही समजून घेतला आणि सभासदांना उपयोगी पडेल तेवढा येथे मांडत आहोत.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो. 'व्हॉल्व्ह गेला' असे म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा व्हॉल्व्ह गेलेला नसतो. तेल कमी असते, घाण असते, नाहीतर त्यात हवा किंवा पाणी शिरलेले असते. व्हॉल्व्ह खरोखरच अडकला असला, तरी तो बहुधा कचऱ्याने अडकलेला असतो. तेव्हा पाना हातात घेण्याआधी तेल पाहावे, आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावू नये. या दोन गोष्टी लक्षात राहिल्या तरी या लेखाचे काम झाले.

उभे यंत्र कोणाला महाग पडते?

यंत्र ज्याचे त्याचे, खर्चही त्याचाच, असे वरवर वाटते. पण तोडलेला ऊस उन्हात पडला की त्याचे वजन घटू लागते आणि आतली साखरही मोडू लागते. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळावा असे आम्ही वारंवार सांगतो. यंत्राने तोडलेल्या उसाची तर कांडी झालेली असतात. अखंड उसाला दोनच तोंडे, कांड्यांना मात्र ढीगभर. प्रत्येक उघड्या तोंडातून जंतू आत शिरतात, त्यामुळे असा ऊस अखंड उसापेक्षा लवकर खराब होतो.

आता साधा हिशेब करा. टनामागे १० किलो घट धरली, तरी २० टनांच्या खेपेत २०० किलो ऊस वाटेतच गेला. हा तोटा एका सभासदाचा. पण उतारा घटला तर तो तोटा सगळ्यांचा, कारण उसाची किंमत साखर उताऱ्याशी बांधलेली आहे. म्हणजे एका यंत्राची तेलाची टाकी घाण राहिली, तर तिची झळ गावभर पोहोचते.

मोटर, फुटव्हॉल्व्ह आणि हायड्रॉलिक

हायड्रॉलिक म्हटले की आपले सभासद बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. विहिरीवरची मोटर, पाइपलाइन आणि ठिबक ज्याला कळते, त्याला हायड्रॉलिकही कळते.

बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात सांगितला. त्याच नियमावर जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या ट्रॉलीचा जॅक त्याच घराण्यातला. १० सेंटिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल, तर तो सिलिंडर पावणेबारा टनांच्या आसपास जोर लावतो. एवढी ताकद बोटभर जाडीच्या होज पाइपातून येते, हे ध्यानात ठेवा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. पुढे अडवणूक झाली की दाब वाढतो. पाइप मोकळा सोडला तर पाणी वाहते, पण दाब राहत नाही, तसेच हे. म्हणून 'प्रेशर येत नाही' याचे दोनच अर्थ होतात. एक तर पंप पुरेसे तेल ढकलत नाही, किंवा ढकललेले तेल दुसऱ्या वाटेने टाकीत परत पळते आहे.

फरक एवढाच, की विहिरीवरच्या मोटरीपुढचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पंखा आतल्या आत पाणी घुसळत राहतो. गिअर पंपाचे तसे नाही. तो ढकलतच राहतो. वाट मिळाली नाही तर होज फुटेल, नाहीतर पंप तुटेल. म्हणून त्याला सुटकेची वाट ठेवलेली असते, तीच रिलीफ व्हॉल्व्ह.

तीन प्रकारचे व्हॉल्व्ह

पहिला, दिशा देणारा. आपण लिव्हर ओढतो तेव्हा आतला गुळगुळीत दांडा सरकतो आणि तेल वर किंवा खाली धाडतो. या दांड्याला मिस्त्री स्पूल म्हणतात. दुसरा, दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह. त्यात एक स्प्रिंग असते. ठरलेल्या दाबाला ती दबते आणि तेल टाकीकडे सोडते. तिसरा, उचललेला भार धरून ठेवणारा. हा म्हणजे आपला फुटव्हॉल्व्हच समजा. तेल एका बाजूने जाऊ देतो, आपण सांगेपर्यंत परत येऊ देत नाही. क्रेनच्या बूमवर याच कामाचा, पण जास्त हुशार व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो भार आपटू न देता बेताने खाली आणतो.

फुटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला की काय होते, हे सांगायला नको. पाणी उतरून जाते आणि मोटर कोरडी फिरते. हायड्रॉलिकमध्ये तेच घडते, फक्त तेथे पाल्याची गरज नाही. स्पूल आणि त्याचे घर यांत जागा असते काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा, आणि ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे जो कचरा व्हॉल्व्ह अडकवतो, तो आपल्याला दिसतच नाही. 'तेल तर चांगलं दिसतंय की' हे म्हणणे म्हणून पुरेसे नाही.

कचरा येतो कोठून?

कोणी मुद्दाम टाकत नाही, पण वाटा आपणच उघड्या ठेवतो. ट्रॉली सोडल्यावर होजचे टोक मातीत लोळते आणि दुसऱ्या दिवशी तसेच ट्रॅक्टरला लावले जाते. तेल उघड्या डब्यातून, धुळीने माखलेल्या नरसाळ्याने ओतले जाते. सांधा गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळतात. तिचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतात. कॉटन वेस्टने भाग पुसला की त्याचे धागे आत राहतात. टाकीच्या झाकणावरील हवेची जाळी फुटली तर फडातली धूळ सरळ तेलात जाते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचे तेल आणि गिअरबॉक्सचे तेल एकच असते. शेजाऱ्याची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडली की त्या ट्रॉलीतले तेल, त्यातल्या पाण्या-मातीसकट, आपल्या गिअरबॉक्सात येते. ट्रॉली उसनी द्यावी-घ्यावी, त्याला आमची ना नाही. पण जोडण्याआधी दोन्ही कपलर स्वच्छ पुसावेत आणि सोडल्यावर टोपण लावावे. दोन मिनिटांचे काम आहे.

बिघाड शोधण्याचा क्रम

ठिबक बंद पडले तर आपण आधी ड्रिपर फोडत नाही. पाणी आहे का पाहतो, फिल्टर धुतो, मग पुढे जातो. येथेही तोच क्रम ठेवा.

१. यंत्र सपाट जागी उभे करून तेलाची पातळी पाहा. सिलिंडर कोणत्या स्थितीत ठेवून पातळी पाहायची, ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते.

२. तेलाचा रंग पाहा. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. फेस असेल तर हवा ओढली जाते आहे. शोषणाच्या बाजूचा पाइप आणि क्लिपा तपासा. काळपट आणि करपट वास असेल तर तेल तापून जळले आहे.

३. आवाज ऐका. पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येत असेल तर पंपाला तेल पुरत नाही. जाळी चोंदली असेल, नाहीतर थंडीत पहाटे तेल घट्ट झाले असेल. अशा वेळी इंजिन एकदम तापवू नका, थोडा वेळ सावकाश चालू द्या.

४. कपलर पूर्ण बसला आहे का पाहा. अर्धवट बसलेल्या कपलरमध्ये तेलाची वाट बंदच राहते. ट्रॉली वर जात नाही, किंवा वर गेलेली खाली येत नाही, याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

५. आता विचार करा, सगळीच कामे मंद आहेत की एकच? सगळीच मंद असतील तर दोष सामाईक भागात आहे, म्हणजे तेल, फिल्टर, पंप किंवा मुख्य रिलीफ. एकच काम अडले असेल तर पंपाला दोष देऊ नका. त्या कामाचा स्पूल, होज किंवा सिलिंडर पाहा.

६. ट्रॉलीचा दोष की ट्रॅक्टरचा, हे ठरवायला तीच ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला लावून पाहा. दोष ट्रॉलीबरोबर गेला तर ट्रॉलीचा, मागे राहिला तर ट्रॅक्टरचा. एक पैसा खर्च नाही.

७. गार असताना चांगले चालते आणि तापल्यावर दम सोडते, असे असेल तर आत झीज झाली आहे. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून पळते. उलट, गार असताना अडते आणि तापल्यावर सुटते, असे असेल तर तेल घट्ट आहे किंवा शोषणाची वाट चोंदली आहे.

८. तोडणी यंत्रावर काही व्हॉल्व्ह विजेवर चालतात. तेथे आधी फ्यूज आणि वायर पाहा. बिगरहंगामात उभ्या यंत्राची वायर उंदीर कुरतडतात. शेजारीच त्याच मापाची दुसरी कॉइल असेल तर दोन्हींची जोडणी जाणत्या माणसाकडून अदलाबदल करून पाहावी. दोष सरकला तर तो विजेचा. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हच्या अंगातला.

एवढे झाल्यावरही उलगडा झाला नाही तर प्रेशर गेज लावणाऱ्या मेकॅनिकला बोलवा. गेज न लावता व्हॉल्व्ह किंवा पंप बदला म्हणणाऱ्याला एकदा तरी विचारा, "प्रेशर किती आलं?" उत्तर आकड्यात मिळाले पाहिजे.

उचललेली ट्रॉली आपोआप उतरते

याची तक्रारही नेहमीची. टिपिंग ट्रॉलीचा जॅक बहुधा एकाच बाजूने तेल घेणारा असतो. खाली येतो तो स्वतःच्या वजनाने. त्याचे सील गळले तर तेल बाहेर दिसलेच पाहिजे. बाहेर थेंबही नाही आणि ट्रॉली उतरते आहे, याचा अर्थ तेल व्हॉल्व्हमधून परत जाते आहे. येथे मात्र व्हॉल्व्हवर संशय घेणे बरोबर. दोन्ही बाजूंनी तेल घेणाऱ्या सिलिंडरमध्ये आतले सील गेले तरी बाहेर काही दिसत नाही. त्याची तपासणी मेकॅनिकनेच करावी.

हायड्राबाबत आणखी एक बारकावा सांगतो. दिवसभर काम करून सायंकाळी बूम उचललेला ठेवला आणि सकाळी तो थोडा उतरलेला दिसला, तर लगेच व्हॉल्व्ह खोलू नका. गरम तेल थंड झाले की आकसते. दोन मीटर तेलाचा स्तंभ ३० अंशांनी थंड झाला तर सुमारे चार सेंटिमीटरने आखडतो. तेल थंड झाल्यावर उतरणे थांबले तर ते आकसणे. उतरतच राहिले तर ती गळती. मुळात काम संपल्यावर बूम आणि ट्रॉली खाली टेकवूनच ठेवावी, हा उत्तम नियम.

रिलीफच्या स्क्रूला हात नको

आता सर्वांत महत्त्वाचे. यंत्र उचलत नाही म्हटले की कोणीतरी म्हणतो, "अर्धा फेरा आवळा, उचलतंय का न्हाई बघा." कधी कधी उचलतेही, आणि त्यामुळेच हा उपाय गावोगाव पसरला आहे. पण काय होते ते पाहा. पंप झिजला असेल तर स्क्रू कितीही आवळा, तेल आतच पळते आणि दाब येत नाही. रिलीफच्या बैठकीवर कचरा बसला असेल तर आवळूनही फट राहते. पुढे कधीतरी कचरा निघून जातो आणि दाब एकदम ठरलेल्या मर्यादेच्या वर चढतो. वरच्याच हिशेबात १५० च्या जागी २०० किलो दाब धरा. पावणेबारा टनांचा जोर पावणेसोळा टनांच्या घरात जातो. हे जादा चार टन पेलायला होज, सांधे आणि चासी बनवलेली नसते.

क्रेनच्या बाबतीत हा खेळ जिवाशी आहे. किती लांबीच्या बूमवर किती वजन उचलायचे, याचा तक्ता क्रेनवर लावलेला असतो. दाब वाढवून वजन उचलले जाईल, पण क्रेनचा तोल वाढत नाही. ती उलटते. म्हणून रिलीफची मांडणी गेज लावून, कंपनीने दिलेल्या आकड्यावरच, अधिकृत मेकॅनिकने करावी. भार धरणाऱ्या व्हॉल्व्हला तर बूम वर असताना हातही लावू नये.

रिलीफ 'वाजवत' ठेवण्याची सवयही वाईट. जॅक शेवटाला गेल्यावरही लिव्हर ओढून धरली की सगळे तेल रिलीफमधून जोराने निघते आणि झपाट्याने तापते. तेल ८० अंशांच्या वर गेले की तेल आणि सील दोन्हींचे आयुष्य घटते.

जीव सांभाळा

ट्रॉली उचलून तिच्याखाली शिरण्याआधी मजबूत टेकू लावलाच पाहिजे. लाकडाचा ओंडका कसाबसा उभा करून चालणार नाही. ट्रॉलीला लोखंडी टेकू जोडून घ्यावा. वर उचललेल्या ट्रॉलीचा होज किंवा सांधा सैल केला तर ती सावकाश उतरत नाही, कोसळते. पळायला सवड मिळत नाही. कोणताही सांधा खोलण्यापूर्वी भार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब काढून टाका.

दुसरी गोष्ट. होजला सुईएवढे भोक पडले की तेलाची बारीक चिळकांडी उडते, कधी कधी ती दिसतही नाही. ती शोधायला बोट फिरवू नका. एवढ्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसे. आत मात्र मांस सडू लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढण्याची पाळी येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. तेल अंगात शिरल्याचा नुसता संशय आला, तरी हळद दाबून घरी बसू नका. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचे तेल आत गेले आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ही माहिती ड्रायव्हरला आणि घरातल्या तरुण पोरांना जरूर वाचून दाखवा.

हंगामाआधी करून ठेवायच्या गोष्टी

बॉयलर पेटण्याआधी कारखाना आपली यंत्रे उघडून पाहतो, तसे सभासदांनीही करावे. पुस्तिकेत दिलेल्या तासांवर तेल व फिल्टर बदलावा. तेल त्यात सांगितलेल्या दर्जाचेच वापरावे, दोन जातींचे मिसळू नये. चिरलेले आणि फुगलेले होज काढून टाकावेत. जुन्या होजचे आतले अस्तर सुटले तर तेल एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने अडते, आणि बदनाम होतो व्हॉल्व्ह. जॅकच्या दांड्यावर चरे असतील तर वेळीच दुरुस्त करून घ्यावेत. तेच चरे सील कापतात आणि धूळ आत नेतात. यंत्रात एक वही ठेवून तेल कधी बदलले, काय बिघडले, काय केले हे तारखेसह लिहावे. मेकॅनिकला त्या वहीवरून अर्धे निदान होते.

मंडळी, बेणे निवडताना आपण डोळा न् डोळा तपासतो, कारण पुढचे अठरा महिने त्यावर अवलंबून असतात. ज्या यंत्रावर तो ऊस फडातून बाहेर पडायचा, त्याच्या तेलाकडेही तेवढ्याच बारकाईने पाहावे, एवढीच विनंती. आपल्या ट्रॅक्टरच्या कपलरला टोपण आहे का, ते आजच पाहून घ्या. नसेल तर आणून लावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी